टाचेच्या भेगा आणि डबीतली बुरशी

काकू, नमस्कार.

आम्ही मखमलाबादला राहतो, द्राक्षबाग आहे. सासूबाईंच्या टाचांना दर थंडीत भेगा पडतात, कधी कधी रक्तही येतं. त्यांना दहा वर्षांपासून शुगर आहे. विकतचं बरंच लावून झालं, म्हणून यंदा मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच मलम केलं. अर्धा किलो खोबरेल, दुकानातलं पांढरं मेण, कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर, दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूच्या पाकळ्या आणि दोन चमचे हळद. मिक्सरमधून काढलं तेव्हा अगदी लोण्यासारखं झालं होतं. बाराव्या दिवशी कडेने पाणी सुटलं आणि वर काळे ठिपके दिसले. तोवर पाच डब्या नातेवाइकांना वाटून झाल्या होत्या. नणंदेने तिच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या एक्झिमावर ते लावलं, लाली वाढली, आणि आता ती माझ्याशी धड बोलत नाही.

माझं चुकलं कुठे? मेण-तेलाचं खरं प्रमाण काय? बागेत पेस्ट लावणाऱ्या बायांचे हात सोलवटतात, त्यांना असं मलम देऊ का? आणि आमच्या बचत गटाला २०२७ च्या सिंहस्थात हे विकायचं आहे, चालेल ना?

ता. क. तीन डब्या घरात आहेत. वरची बुरशी काढून खालचं वापरता येईल का?

— एक वाचक, मखमलाबाद

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी फोन हातात घ्या. डब्या गेल्या त्या प्रत्येक घरी “लावू नका, टाकून द्या” एवढं सांगा. कसं सांगू, काय म्हणतील, याचा विचार करत बसू नका. नणंदेकडे मात्र फोनवर भागणार नाही, जाऊन या. बाळाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलेलं नसेल तर तुम्हीच सोबत जा. लालीतून पाणी झिरपत असेल, मधाच्या रंगाच्या खपल्या धरत असतील किंवा अंगात ताप असेल तर उद्यावर ढकलू नका. तुम्ही डॉक्टरांकडे मुलाला कडेवर घेऊन तिच्याबरोबर बसलात की अर्धा अबोला तिथेच संपेल.

आता मलम. तुमच्याकडून चार-पाच गोष्टी चुकल्या, पण मुळाशी एकच आहे, पाणी.

कोरफडीच्या गरात शंभर भागांतले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतं. तेल आणि पाणी मिक्सरमध्ये गरगर फिरवलं की थोडा वेळ ती एकजीव दिसतात. तेच तुमचं लोणी. पण त्यांना धरून ठेवणारं मध्ये कोणी नाही, त्यामुळे चार दिवसांनी ज्याची त्याची वाट वेगळी. सुटलेल्या पाण्यात कोरफडीची साखर, पाकळ्यांचा चोथा, वर घट्ट झाकण. बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार? दुकानातल्या क्रीममध्येही पाणी असतं, पण तिथे तेल-पाणी बांधून ठेवणारा एक घटक घातलेला असतो आणि बुरशी-जंतूंना रोखणारा दुसरा. त्या व्हिडिओत व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घालायला सांगितली असेल, बहुतेक सगळे सांगतात. तिने तेल खवट व्हायला उशीर लागतो, हे खरं. बुरशीला मात्र तिची काही भीती नाही.

आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. वैद्य तेल सिद्ध करतात तेव्हा तेलाच्या पाव हिस्सा वनस्पतीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, आणि तेलाच्या चौपट पाणी किंवा काढा घालतात. म्हणजे पाणी भरपूर असतं, पण ते पुरतं उडेपर्यंत मंद आचेवर आटवायचं असतं. झालं की नाही ते बघायच्या खुणा ठरलेल्या. कल्क दोन बोटांत घेऊन वळला तर त्याची वात वळली जाते, आणि ती वात जाळावर धरली तर चटचट आवाज येत नाही. माझी आजी माक्याचं तेल करायची. कापसाच्या वातीचं टोक कढईत बुडवायची, निखाऱ्यावर धरायची आणि मान वाकडी करून कान द्यायची. वात तडतडली की म्हणायची, “अजून बोलतंय.” कढई परत चुलीवर. तेल बोलायचं थांबलं की मगच उतरवायची. तिला बुरशीचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या तेलाला वर्षभर काही व्हायचं नाही. व्हिडिओवाल्यांनी कोरफड घेतली, हळद घेतली, आणि आजीचं कान देणं तेवढं वगळलं.

मलमातलं पाणी वाईट म्हणजे पाणीच वाईट असं समजू नका. टाचेला हवं असतं ते पाणीच. तळपायाच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या ग्रंथी मुळात नसतात. कातडी जाड, वरून दिवसभर अनवाणी किंवा पट्ट्याच्या चपलेत, आणि बाहेर आपली नाशिकची कोरडी थंडी. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की मखमलाबादच्या टाचा फुटायला लागतात. कातडीतलं पाणी उडून गेलं की ती कडक होते, आणि अंगाचं वजन पडलं की कडक कातडी चिरते. मलम काय करतं? वर एक पापुद्रा धरून आतलं पाणी उडू देत नाही, बस्स. भेग भरून काढते ती कातडी स्वतः. म्हणून कोरड्याठाक टाचेवर मलम चोपडण्यात अर्थ नाही. पाय धुवा, टिपा, जरा ओलसर असतानाच लावा, वर सुती मोजे चढवा. आणि खरं सांगायचं तर पाणी कोंडून ठेवण्याच्या या कामात साधी पेट्रोलियम जेली आपल्या सगळ्या घरगुती मलमांच्या पुढे आहे. मला स्वतःला घरचं मलम आवडतं ते वासासाठी, हाताला लागणाऱ्या पोतासाठी आणि करण्यातल्या मजेसाठी. ते जास्त गुणकारी आहे असं मी कुणाला सांगत नाही.

मी नोकरीची पहिली काही वर्षं औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मलमं खलण्यात घालवली. तेव्हा डॉक्टर चिठ्ठीवर घटक लिहून देत आणि आम्ही काचेच्या फरशीवर लांब पात्याने ते घोटत बसायचो. त्या हातानेच पुढचं सांगते.

मेणापासून सुरू करू. तुम्ही आणलेलं पांढरंशुभ्र मेण बहुतेक मेणबत्तीचं, म्हणजे पॅराफिन असणार. आपल्याला हवं मधमाशीचं मेण. ते पिवळसर, कधी तपकिरीकडे झुकणारं असतं, नाकाजवळ नेलं की मधाचा मंद वास येतो. चिमूटभर तुकडा बोटांत मळला की ऊब लागून तो कणकेसारखा होतो. पॅराफिनचे पापुद्रे सुटतात आणि बोटं नुसती निसरडी होतात. पांढरं करून विकलेलं खरं मेणही मिळतं, पण नवख्या माणसाने पिवळंच घ्यावं, ओळखायला सोपं. सटाणा-देवळ्याकडे डाळिंबाच्या बागांत आणि कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर मधाच्या पेट्या ठेवणारे लोक असतात, त्यांच्याकडे विचारा. पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर ते गरम पाण्यात वितळवून, कापडातून गाळून, थंड झाल्यावर वर आलेली चकती काढून घ्यायची. चकतीच्या बुडाला गाळ चिकटतो, तो सुरीने खरवडायचा आणि चकती दोन दिवस उघडी वाळू द्यायची. का, ते आता सांगायला नको.

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ त्याला पुरून उरते. तरी पातेलं थेट गॅसवर ठेवायचा मोह होतो, मलाही झाला होता. घाई होती, मेण धुरायला लागलं, मी धुतलेल्या ओल्या सांडशीने भांडं उचलायला गेले आणि दोन थेंब आत पडले. गरम मेण उडून मनगटावर आलं. त्याचा वाटाण्याएवढा डाग अजून बांगडीखाली आहे. तेव्हा कढईत पाणी, तळाशी फडकं, त्यावर स्टीलचा कोरडा डबा, आणि डब्यात तेल-मेण. पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं. भाजलंच तर भाजल्यावर मलम लावू नका, तेल नको, तूप नको. नळाखाली वीस मिनिटं धरा.

प्रमाण. चमच्याने मोजू नका, वजन करा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा हवा, वाटीचा हिशेब इथे फसतो, कारण किसलेलं मेण आणि वितळलेलं मेण वाटीत सारखं बसत नाही. शंभर ग्रॅम मलमासाठी तिळाचं तेल पन्नास ग्रॅम, खोबरेल तीस, मेण वीस. म्हणजे एक भाग मेणाला चार भाग तेल. जुन्या आयुर्वेदिक पद्धतीत नुसतं मेण आणि तिळाचं तेल एकास पाच-सहा घेऊन केलेलं सिक्थतैल आहे, ते बरंच मऊ होतं. आपल्याकडे हवामानाने हा आकडा हलतो. डिसेंबर-जानेवारीत खोबरेल स्वतःच थिजतं, तेव्हा मेण पंधरा-सोळा ग्रॅम पुरे, नाहीतर डबीतून नखाने कोरून काढावं लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकला की मेण पंचवीसपर्यंत न्या आणि तेल तेवढं कमी करा.

आकड्यावर विसंबण्यापेक्षा चमचा बघा. करायला घेतानाच एक स्टीलचा चमचा फ्रीजरमध्ये टाकून ठेवायचा. मेण पूर्ण विरघळलं, तेल आरपार दिसायला लागलं की चमचा काढून, कोरडा पुसून, त्यावर थेंबभर मिश्रण सोडायचं. कडेने आधी दुधाळ होतं, मग ती पांढुरकी कड आत सरकत येते आणि मिनिटभरात सगळा थेंब गोठतो. दोन मिनिटांनी त्यावर बोट दाबा. बोट घसरून तेलकट डाग उरला तर मेण कमी आहे. थेंब नखाखाली टिकलीसारखा सुटून आला तर जास्त. दाबल्यावर क्षणभर अडून मग विरघळायला लागला की गॅस बंद. पाकाची तार बघणाऱ्या बाईला हे शिकवायला लागत नाही.

डब्या उकळून, उन्हात पालथ्या नव्हे उताण्या वाळवा. पालथ्या डबीत वाफ कोंडते. ओतल्यावर झाकण लगेच लावू नका, पुरतं थंड होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो आणि तो परत आपल्याच मलमात. वर तारीख लिहा. न्हाणीघरात ठेवू नका, ओली बोटं बुडवू नका. एवढं सांभाळलं तर सहा महिने सहज टिकतं. बिघडलं की नाकाला कळतंच, दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेल्या चिवड्यासारखा खवट वास येतो.

तिळाचं तेल मी मुद्दाम जास्त सांगितलं. त्यात खवटपणा लांबवणारे घटक निसर्गतःच आहेत, त्यामुळे ते दमाने टिकतं. लाकडी घाण्याचं असेल तर आधी दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल ओतून घ्या, गाळ मलमात नको. कोकणातून कुणी कोकमाचं तेल आणलं तर दहा-पंधरा ग्रॅम खोबरेलाऐवजी ते घाला. त्याचे कडक पांढरे गोळे असतात, अंगावर चोळले की मऊ होतात, आणि कोकणात टाचेच्या भेगांना तेच लावायची रीत आहे. फक्त हे मलम मेमध्ये स्कूटरच्या डिकीत विसरलात तर वितळून, सावकाश गोठून रव्यासारखं दाणेदार होईल. बिघडत नाही, परत वितळवून फ्रीजमध्ये झटकन थंड करा. तुम्ही विचारलं नाहीत, पण द्राक्षवाल्याच्या घरातून आज ना उद्या विचारणा येणारच, म्हणून सांगते. द्राक्षाच्या बियांचं तेल हलकं, छान असतं, पण फार लवकर खवट होतं. शिवाय तुमच्या बागेत थॉमसन किंवा सोनाका असेल तर बिया आणणार कुठून? ते वायनच्या द्राक्षांचं काम.

आता झेंडू. परदेशातल्या कृतींमध्ये कातडीच्या मलमासाठी ज्या केशरी फुलाचं नाव येतं ते कॅलेंडुला. इंग्रजीत दोघांनाही एकच नाव चालतं आणि भाषांतरात कॅलेंडुलाचा झेंडू होतो. आपला दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू ही वेगळीच वनस्पती. त्यातल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडी लाल होऊन भाजल्यासारखी होऊ शकते. म्हणून त्याच्या सुगंधी तेलावर सौंदर्यप्रसाधनांत मर्यादा आहे. वर तोरणातली फुलं म्हणजे मोटारींचा धूर आणि फवारणी प्यायलेली. कॅलेंडुला हवाच असेल तर वाळवलेल्या पाकळ्या विकत मिळतात. कुठलीही वनस्पती घ्या, ती कुरकुरीत वाळलेली हवी. बोटांत चुरली तर चुरा व्हायला हवा, वाकली तर अजून ओली आहे. दहा भाग तेलाला एक भाग, त्याच कढईच्या पाण्यावर दोन तास, मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. शेवटचे थेंब पिळून काढायचा हव्यास नको, पिळलं की बारीक चोथा उतरतो.

हळद हवी तर अशाच रीतीने तेलात मुरवून गाळा. पूड तशीच घातली तर तळाशी बसते, आणि सासूबाईंच्या पांढऱ्या चादरी तुमच्या नावाने ओरडतील. सुगंधी तेलं घरच्या मलमात घालूच नका असं माझं मत आहे. कापूर, निलगिरी, पुदिन्याचं फूल तर लहान मूल असलेल्या घरात या डबीच्या जवळपासही नको. बाळाच्या नाकाशी त्याचा दर्प गेला तर श्वासाला त्रास होऊ शकतो, आणि कापूर पोटात गेला तर विषबाधा.

“नैसर्गिक आहे, काय होणार?” असं कुणी म्हणालं की मी बिब्ब्याचं नाव घेते. बिब्ब्याहून नैसर्गिक काय आहे? टाचेच्या भेगेत गरम बिब्ब्याचं तेल भरणारी माणसं अजून आहेत, आणि बिब्बा उतून पाऊल सुजलेली, फोडांनी भरलेली माणसंही मी पाहिली आहेत. जुन्या वह्यांत आणखी दोन नावं सापडतील, शेंदूर आणि मुरदाडशिंग. दोन्हींत शिसं. २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा केवढा थर उतरवला ते आपण पाहिलंय. देवीच्या अंगावर ठीक आहे, माणसाच्या चिरलेल्या कातडीत तो जायला नको.

सासूबाईंचं प्रकरण मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलं, कारण त्याला मलमाचा प्रश्न म्हणता येत नाही. दहा वर्षांची शुगर आणि रक्त येणारी भेग हे दोन्ही एका पायावर असताना घरगुती प्रयोग थांबवायचे. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, भेग खोल गेलेली कळत नाही, आणि तिथून जंतू आत गेले तर बोटावर, पायावर बेतू शकतं. डॉक्टरांना पाय दाखवा, नुसता रिपोर्ट नव्हे. रोज रात्री तुम्ही किंवा सासरे त्यांचे तळवे उजेडात बघा. खालून दिसत नसेल तर आरसा धरा. वजरीने खसाखसा घासणं, ब्लेडने कातडी तासणं, कडकडीत पाण्यात पाय बुडवून बसणं, तिन्ही बंद. पाणी कोमट आहे की नाही ते तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाने नाही. भेगा मिटल्या, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, की मग हे साधं मलम टाचेला लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र नाही, तिथे ओल धरते. डॉक्टर कदाचित युरियाचं मलम लिहून देतील, दहा ते पंचवीस टक्क्यांचं. कडक टाचेला ते घरच्या मलमापेक्षा चांगलं लागू पडतं. शेतकऱ्याचं घर म्हणून सांगून ठेवते, तो युरिया मेडिकलमधून आणायचा, कोठारातल्या पोत्यातून नव्हे.

बाळाच्या एक्झिमाला तुमचं पुढचं, चांगलं जमलेलं मलमही लावू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच. घरात शेंगदाणा तेल वापरता ना? एक्झिमाच्या फुटलेल्या कातडीवर शेंगदाणा किंवा बदामाचं तेल चोळल्याने त्या पदार्थाची ॲलर्जी अंगात रुजू शकते, हे नणंदेला नक्की सांगा. मालिशवाल्या मावशींनाही. मोठ्या माणसांनीसुद्धा नवं मलम आधी मनगटाच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून दोन दिवस थांबावं.

पेस्ट लावणाऱ्या बायांबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण तिथे मला काळजी वाटते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावता, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. त्याने हात सोलवटतात तो कोरडेपणा नव्हे, रसायनाने कातडी भाजते. मलम चोपडून हात पेस्टमध्ये घातला तर रक्षण होत नाही. उलट आपण काहीतरी लावलंय या भरवशावर बाई हातमोजे काढून ठेवते. तेव्हा खर्च डबीवर नको, हातमोज्यांवर करा. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड रबरी, भोक पडलं की बदलायचे. खानावळीतले पॉलिथिनचे नकोत. पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा, बांधावर साबण आणि भरपूर पाणी. पेस्ट अंगाला लागली तर आधी धू-धू धुवायचं. आणि एक गोष्ट पुरुष मजुरांना स्पष्ट सांगा. या रसायनावर दारू चढली की चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, चक्कर येते, प्रसंगी दवाखाना गाठावा लागतो. काम चालू असताना आणि पुढचे काही दिवस घोटही नको. मलम द्यायचंच तर रात्री, हात धुतल्यावर, कातडी फुटलेली नसेल तर. कांदा निवडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या हातांना त्याचा खरा उपयोग होईल.

राहिलं सिंहस्थाचं. घरी करून बहिणीला देणं वेगळं आणि स्टॉल लावून विकणं वेगळं. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, माणूस, तपासणी, लेबलवर घटक, बॅच, मुदत, सगळं आलं. डबीवर “भेगा बऱ्या करतं”, “एक्झिमा घालवतं” असं लिहिलंत की ते औषध ठरतं आणि मग औषधाचा परवाना वेगळा. स्वतःचं युनिट न टाकता परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल करून घ्यायची सोयही नियमांत आहे, ‘लोन लायसन्स’ म्हणतात. गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब मांडा. माझा अंदाज विचाराल तर परवान्याचा खटाटोप पहिल्याच मेळ्यात भरून निघणार नाही, आणि बेदाणा, मनुका, लोणचं यात तुमचा हात आधीच बसलेला आहे. खाद्यपदार्थांचीही नोंदणी लागते, पण ते काम पुष्कळ सोपं. मलम वर्षभर घरातच करून बघा. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी काढलेली डबी हातात आली की मग परत लिहा.

ता. क.चं उत्तर, नाही. वर दिसतात ते नुसते ठिपके, बुरशीचे धागे खालपर्यंत गेलेले असतात. तिन्ही डब्या टाका, पण सिंकमध्ये गरम पाण्याने वितळवून ओतू नका. मेण पुढे पाइपात जाऊन थिजेल आणि प्लंबर बोलवावा लागेल. रद्दी पेपरने पुसून तो पेपर कचऱ्यात टाका. डब्या काचेच्या असतील तर सोडा घातलेल्या पाण्यात उकळून परत वापरता येतील. प्लास्टिकच्या असतील तर त्याही गेल्या समजा.